अँथ्रासाइट कोळसा: गुणधर्म, उपयोग आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अँथ्रासाइटबद्दल विचारणारे लोक साधारण दोन प्रकारचे असतात. काहींना शाळेच्या पुस्तकातले ‘सर्वांत उच्च प्रतीचा कोळसा’ हे वाक्य पाठ असते. बाकीचे तो प्रत्यक्ष जाळणारे, त्यातून पाणी गाळणारे किंवा त्यावर धातू वितळवणारे. पहिल्यांची समजूत अशी, की प्रत उच्च म्हणजे प्रत्येक कामात हाच पहिला. दुसऱ्यांना अनुभवाने कळलेले असते, की कोळशाची ‘प्रत’ जमिनीखाली तो किती शिजला एवढेच सांगते. तो कोणत्या कामाचा, हे वेगळेच पाहावे लागते. पुढची उत्तरे या दुसऱ्या बाजूने लिहिली आहेत.

अँथ्रासाइट म्हणजे नेमका कोणता कोळसा?

पीट, लिग्नाइट, सब-बिट्युमिनस, बिट्युमिनस आणि अँथ्रासाइट अशी दगडी कोळशाची चढती भाजणी आहे. जसजसे वर जावे तसतसे पाणी, ऑक्सिजन आणि हायड्रोजन कमी होत जातात आणि कार्बन वाढत जातो. अमेरिकी मानकानुसार ओलावा आणि खनिज भाग वगळून उरलेल्या कोळशात स्थिर कार्बन ९२ ते ९८ टक्के आणि बाष्पनशील घटक, म्हणजे तापवल्यावर वायुरूपाने उडून जाणारा भाग, २ ते ८ टक्के असेल तर तो अँथ्रासाइट. स्थिर कार्बन ८६ ते ९२ टक्के असेल तर सेमी-अँथ्रासाइट आणि ९८ टक्क्यांच्या वर गेला तर मेटा-अँथ्रासाइट. हा शेवटचा प्रकार ग्रॅफाइटच्या इतका जवळ पोचलेला असतो, की इंधन म्हणून त्याचा फारसा उपयोग होत नाही. व्यापारात मात्र सेमी-अँथ्रासाइटही सर्रास अँथ्रासाइट म्हणूनच खपतो, एवढे लक्षात ठेवावे.

तो तयार कसा होतो?

सुरुवात इतर कोळशासारखीच: दलदलीत साचलेल्या वनस्पती, त्यावर गाळाचे थर, आणि कोट्यवधी वर्षांचा दाब व उष्णता. बिट्युमिनसपर्यंत पोचायला खोल गाडले जाणे बहुतेक वेळा पुरते. त्यापुढे जायला जास्त उष्णता लागते. ती कुठे पर्वत घडताना थर दुमडून खोल गेल्याने मिळते, तर कुठे जवळून वर आलेल्या तप्त शिलारसाने. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात याचा सरळ पुरावा दिसतो. राज्याच्या पश्चिमेला थर जवळपास आडवे आहेत आणि तिथे बिट्युमिनस कोळसा आहे. ईशान्येला अॅपलाचियन पर्वताच्या जडणघडणीत तेच थर घड्या पडून उभे-तिरके झाले आणि तिथे अँथ्रासाइट आहे. दोन्ही साधारण ३० कोटी वर्षांपूर्वीच्या कार्बोनिफेरस काळातले. सगळे अँथ्रासाइट त्याच काळातले असते असे मात्र नाही. व्हिएतनाममधले साठे ट्रायासिक काळातले, म्हणजे बरेच अलीकडचे आहेत. कोळशाची प्रत वयापेक्षा त्याने सोसलेल्या तापमानावर ठरते.

नुसते पाहून ओळखता येतो का?

बऱ्यापैकी. अँथ्रासाइट गडद काळा असतो, त्यावर धातूकडे झुकणारी चकाकी असते, आणि फोडला तर काचेसारखे वक्र, गुळगुळीत पृष्ठ निघते. बोटांना काळे लागत नाही. बिट्युमिनस कोळशात चकचकीत आणि मंद अशा पट्ट्या आलटून-पालटून दिसतात आणि हात माखतात. अँथ्रासाइटचा काठिण्यांक मोहच्या मापाने साधारण २.७५ ते ३, म्हणजे कॅल्साइटच्या आसपास. घनता १.४ ते १.८. काळ्या ज्वालामुखी काचेशी कोणी गल्लत केली तर हातात घेताच उलगडा होतो, कारण ती काच बरीच जड आणि कठीण असते. शिवाय अँथ्रासाइटला चाकूने ओरखडा पडतो. त्याला पॉलिश छान होते, म्हणून पेनसिल्व्हेनियात त्याच्या कोरीव वस्तू आणि दागिनेही बनत आले आहेत.

सर्वांत जास्त उष्णता अँथ्रासाइटच देतो, बरोबर ना?

नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. अँथ्रासाइटचा उष्मांक साधारण किलोला २६ ते ३३ मेगाज्यूल, म्हणजे ६,२०० ते ७,९०० किलोकॅलरी. उत्तम बिट्युमिनस कोळसा त्याच्या बरोबरीने बसतो, कधी थोडा वरही जातो. कारण सोपे आहे. एक किलो शुद्ध कार्बन जाळला तर सुमारे ३३ मेगाज्यूल उष्णता मिळते, एक किलो हायड्रोजन जाळला तर १४२. बिट्युमिनस कोळशात हायड्रोजन ५ टक्क्यांच्या आसपास असतो, अँथ्रासाइटमध्ये तो २-३ टक्क्यांवर येतो. कार्बन वाढल्याचा फायदा हायड्रोजन गेल्याने कापला जातो. म्हणून उष्मांकाचे शिखर गाठतो तो कमी बाष्पनशील घटक असलेला बिट्युमिनस कोळसा. अँथ्रासाइट शिखर ओलांडून किंचित खाली उतरलेला असतो.

मग त्याचे मोठेपण कशात? जळण्याच्या पद्धतीत. ज्वाला आखूड, निळसर आणि धूरविरहित. विस्तव तासन्‌तास एकसारखा टिकतो. गंधकही साधारणपणे १ टक्क्याच्या आत असतो. धूर म्हणजे तरी काय, तर अर्धवट जळलेले बाष्पनशील घटक आणि डांबर. मुळात तेच नाहीत, तर धूर येणार कुठून? डांबर नसल्यामुळेच विसाव्या शतकाच्या सुरुवातीला छोट्या गॅस इंजिनांसाठी कोळशाचा वायू बनवताना अँथ्रासाइटला पसंती होती. वायू स्वच्छ निघायचा आणि इंजिनाच्या झडपा चिकट होत नसत.

पेटायला इतका हट्टी का असतो?

वरच्या उत्तराचीच ही दुसरी बाजू. लाकूड किंवा बिट्युमिनस कोळसा तापला, की त्यातून ज्वलनशील वायू सुटतात, ते आधी पेट घेतात आणि उरलेल्या कोळशाला पेटवतात. अँथ्रासाइटमध्ये हा मधला दुवाच नाही. घन कार्बन थेट तापून लाल व्हावा लागतो आणि त्याला खालून भरपूर हवा मिळावी लागते.

अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियात हा कोळसा सापडला तेव्हा लोक त्याला जळणारा दगड मानायलाच तयार नव्हते. लोहार भात्याची हवा देऊन तो वापरायचे, पण घरातल्या चुलाण्यात तो विझून जायचा. फेब्रुवारी १८०८ मध्ये विल्क्स-बॅरी गावात जेसी फेल यांनी लोखंडी जाळीवर, भात्याशिवाय, निव्वळ खालून येणाऱ्या हवेवर तो जाळून दाखवला आणि घरगुती इंधनाचा रस्ता मोकळा झाला. फिलाडेल्फियाजवळच्या जोसाया व्हाइट आणि एर्स्किन हॅझर्ड यांच्या तारेच्या कारखान्यातली एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. कामगारांनी रात्रभर कोळसा ढवळला, टोचला, तरी पेटेना. शेवटी वैतागून भट्टीचे दार लावले आणि सगळे घरी गेले. एक जण विसरलेले जाकीट न्यायला परत आला, तर भट्टी पांढरीशुभ्र तापलेली! तपशिलात मीठमसाला असेलही, पण त्यातली शिकवण आजही तंतोतंत खरी आहे: अँथ्रासाइटला खालून हवा द्या आणि त्याच्या वाटेला जाऊ नका.

लोखंडाच्या झोतभट्टीत हा कोळसा चालायला आणखी एक गोष्ट लागली, ती म्हणजे आधीच तापवलेली हवा. स्कॉटलंडच्या जेम्स नील्सन यांनी १८२८ मध्ये गरम झोताचे पेटंट घेतले. दक्षिण वेल्समध्ये जॉर्ज क्रेन आणि डेव्हिड टॉमस यांनी १८३७ मध्ये तो झोत वापरून अँथ्रासाइटवर लोखंड काढले. टॉमस पुढे पेनसिल्व्हेनियात गेले आणि १८४० मध्ये कॅटासॉक्वा इथे त्यांनी तशी भट्टी यशस्वीपणे सुरू केली. त्यानंतर काही दशके अमेरिकेतल्या लोखंडाचा मोठा हिस्सा अँथ्रासाइटवर निघत होता. मग कोक, म्हणजे हवा न लागू देता भाजून घट्ट केलेला बिट्युमिनस कोळसा, आला आणि हे पर्व संपले.

स्टोव्हमध्ये जाळायचा असेल तर काय सांभाळावे?

आधी स्टोव्ह अँथ्रासाइटसाठी बनवलेला आहे का ते पाहा. लाकडाच्या स्टोव्हमध्ये हवा बहुधा वरून किंवा बाजूने येते; ती इथे कुचकामी. खाली जाळी, जाळीखाली राखेचा कप्पा आणि हवा त्या कप्प्यातून वर, अशी रचना हवी.

आधी लाकडाचा जोरदार विस्तव करावा, त्यावर कोळशाचा पातळ थर, तो धगधगला की आणखी थोडा, असे करत थर जाड करत न्यावा. थर उथळ ठेवला तर विस्तव मरतो. तुकडे शक्यतो एकाच आकाराचे असावेत; चुरा मिसळला असेल तर हवेच्या वाटा बुजतात. म्हणूनच हा कोळसा चाळून आकारवारीने विकला जातो, आणि त्या आकारांची जुनी अमेरिकी नावे मजेशीर आहेत: अंडे, चेस्टनट, वाटाणा, तांदूळ, बार्ली.

राख झाडायची तर जाळी खालून हलवावी. वरून सळई घालून ढवळण्याचा मोह होतोच, कारण लाकडाच्या विस्तवाला ती सवय लागलेली असते. पण तसे केले तर राख गरम भागात वर येते, वितळून तिचे खडे होतात आणि हवा अडते.

नवा कोळसा घालताना संपूर्ण विस्तव झाकू नये. एका कोपऱ्यात लाल निखारा उघडा राहू द्यावा. नव्या कोळशातून सुटणारे थोडे वायू आणि खालून येणारा कार्बन मोनॉक्साइड त्या निखाऱ्यावर पेटतात आणि निळ्या ज्वाळा नाचताना दिसतात. सगळे झाकून टाकले तर हे वायू न जळता वर साचतात आणि नंतर एकदम पेट घेऊन स्टोव्हचे दार उडवण्याइतका दणका देऊ शकतात.

धूर नाही, म्हणजे बंद खोलीत चालेल?

कधीही नाही. या पानावरचे बाकी सगळे विसरलात तरी चालेल, हे उत्तर विसरू नका.

जाड थराच्या तळाशी हवा भरपूर असते, तिथे कार्बन डायऑक्साइड बनतो. तो वर जाताना लाल निखाऱ्यांमधून जातो आणि त्यातला आणखी कार्बन उचलून कार्बन मोनॉक्साइड होतो. वर हवा आणि ज्वाला असेल तर तो जळून जातो. झडप जास्त आवळली, धुराडे तुंबले किंवा विस्तव मंदावला तर तो खोलीत येतो. त्याला रंग नाही, वास नाही. लाकडाचा धूर निदान डोळे चुरचुरून, ठसका आणून माणसाला बाहेर काढतो. अँथ्रासाइट ती सूचनाही देत नाही. डोके दुखणे, मळमळ, गुंगी आणि मग बेशुद्धी असा हा प्रवास झोपेत झाला तर माणूस उठत नाही.

दक्षिण कोरियाने याची जबर किंमत मोजली. तिथे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अँथ्रासाइटच्या भुकटीपासून बनवलेल्या, आरपार भोके पाडलेल्या गोल विटा घरोघरी वापरात होत्या. जमिनीखालून गरम वायू फिरवून खोली उबदार ठेवण्याची तिथली पारंपरिक पद्धत. जमिनीला भेग पडली, की विषारी वायू थेट अंथरुणाशी. अशा अपघातांत वर्षानुवर्षे लोक दगावत राहिले.

तेव्हा धुराडे वर्षातून निदान एकदा साफ करून घ्यावे, खोलीत बाहेरची हवा येण्याची वाट ठेवावी आणि कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र लावावे. उघड्या शेगडीत घालून तो खोलीत ठेवणे तर सरळ जिवाशी खेळ आहे.

‘धूररहित’ म्हणजे पर्यावरणाला चांगला, असे म्हणता येईल का?

शहरातल्या काजळीपुरते म्हणता येईल. १९५२ मध्ये लंडनवर दाट विषारी धुरके बसले, हजारो माणसे गेली आणि १९५६ मध्ये ब्रिटनने स्वच्छ हवा कायदा केला. त्यानुसार ठरवलेल्या धूरमुक्त भागांत अँथ्रासाइट चालू शकत होता. अमेरिकेतल्या एका रेल्वे कंपनीने तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पांढऱ्या कपड्यांतल्या एका काल्पनिक तरुणीला जाहिरातीत आणले. आमच्या गाड्या अँथ्रासाइटवर धावतात, तुमचे कपडे पांढरेच राहतील, हा तिचा निरोप.

हवामानाचा हिशेब वेगळा आहे. आयपीसी या हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या प्रमाणित आकड्यांनुसार एक गिगाज्यूल उष्णतेमागे अँथ्रासाइट ९८.३ किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो. सामान्य बिट्युमिनससाठी हा आकडा ९४.६, लिग्नाइटसाठी १०१ आणि नैसर्गिक वायूसाठी ५६.१. म्हणजे दिसायला सर्वांत स्वच्छ असलेला कोळसा या बाबतीत बिट्युमिनसपेक्षा किंचित मागेच आहे. पुन्हा कारण तेच: त्याची बहुतेक उष्णता कार्बनमधून येते, हायड्रोजनचा वाटा कमी. एक टन अँथ्रासाइट जाळला, की साधारण २.६ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. विक्रेत्यांच्या माहितीपत्रकात ‘स्वच्छ कोळसा’ असे शब्द दिसले तर ते काजळीबद्दल आहेत असे समजून पुढे वाचावे.

त्याचा कोक बनतो का?

स्वतंत्रपणे नाही. कोक बनायला कोळसा तापल्यावर मऊ होऊन, फुगून, पुन्हा घट्ट व्हावा लागतो. अँथ्रासाइट मऊ होतच नाही. तापवला तरी तुकडे तसेच राहतात. ओतकामाच्या कोकमध्ये मात्र त्याची बारीक भुकटी मुद्दाम थोडी मिसळतात, म्हणजे कोकचे मोठे, कमी तडे गेलेले ढेप मिळतात.

याच कारणाने पारंपरिक लोहारकामात बरेच कारागीर बिट्युमिनस निवडतात. तो भट्टीत स्वतःच कोक होऊन गोळा बांधतो आणि भाता थांबला तरी काही वेळ धग धरतो. अँथ्रासाइटला हवा बंद झालेली सोसत नाही.

मग पोलाद उद्योगात त्याचा काय उपयोग?

बराच. झोतभट्टीत तळाकडून कोळशाची भुकटी हवेबरोबर फुंकतात, म्हणजे महागडा कोक कमी लागतो. अँथ्रासाइटची भुकटी कार्बनच्या जोरावर जास्त कोकची जागा घेते, पण हळू जळते. म्हणून जास्त बाष्पनशील कोळशाबरोबर मिश्रण करून वापरणे हाच शहाणपणा ठरतो. लोहखनिजाच्या चुऱ्याचे गोळे भाजून घट्ट करण्याच्या प्रक्रियेतही तो इंधन म्हणून चालतो. विद्युत चाप भट्टीत तो स्लॅगला, म्हणजे वितळलेल्या धातूवर तरंगणाऱ्या मळीला, फेस आणण्यासाठी टाकतात, आणि वितळलेल्या पोलादात किंवा बिडात कार्बन कमी पडला तर तो भरून काढण्यासाठी भाजलेला अँथ्रासाइट घालतात. या शेवटच्या कामात गंधक आणि राख किती, याकडे फाउंड्रीवाल्यांचे बारीक लक्ष असते, कारण दोन्ही थेट मालात उतरतात. चुनाभट्ट्या आणि कॅल्शियम कार्बाइडचे कारखाने हेही त्याचे जुने गिऱ्हाईक.

पाणी शुद्धीकरणात कोळसा कशाला?

सर्वांत हुशारीचा उपयोग मला हाच वाटतो. कारण इथे अँथ्रासाइट जाळायचा नसतो, आणि त्याच्या हलकेपणाला किंमत येते.

नुसत्या वाळूच्या गाळणीत एक अडचण असते. गाळणी उलट्या प्रवाहाने धुतली, की बारीक वाळू वर आणि जाड वाळू खाली बसते. म्हणजे सगळी घाण वरच्या काही सेंटिमीटरमध्येच अडकते, गाळणी लवकर तुंबते आणि खालची वाळू नुसती बसून राहते. खरे तर वर जाड आणि खाली बारीक कण हवेत. पण वाळूच वाळूवर ठेवली तर पहिल्या धुण्यातच हा क्रम उलटतो.

अँथ्रासाइट इथे कामाला येतो. वाळूची घनता २.६५, अँथ्रासाइटची १.५ धरू. पाण्यात बुडाल्यावर पाण्याइतके वजन वजा होते, म्हणजे वाळूचे १.६५ आणि अँथ्रासाइटचे जेमतेम ०.५ उरते. पाण्याखाली तो वाळूच्या तिसऱ्या हिश्शाइतकाच जड! त्यामुळे त्याचे एक मिलिमीटरचे कण अर्ध्या मिलिमीटरच्या वाळूवर ठेवले, तरी धुण्यानंतर ते पुन्हा वरच येऊन बसतात. वरच्या जाड थरात मोठा गाळ सामावतो, खालची वाळू उरलेला बारीक गाळ टिपते. गाळणी जास्त तास चालते आणि पाणीही वेगाने जाते. काही ठिकाणी वाळूखाली त्याहून जड अशा गार्नेट या खनिजाचा तिसरा थर देतात.

कोणताही कोळसा इथे चालत नाही. तो पुरेसा कठीण हवा, नाहीतर धुताना कण एकमेकांवर घासून भुगा होतो. काठिण्यांक निदान २.७ असावा आणि आम्लात विरघळणारा भाग ५ टक्क्यांच्या आत असावा, ही सर्वसाधारण अपेक्षा. धुण्याचा प्रवाह गरजेपेक्षा जोरात सोडला तर हलका कोळसा नाल्यात वाहून जातो आणि थर वर्षागणिक पातळ होत जातो. गाळणीची कामगिरी हळूहळू ढासळत असेल तर रसायनांना दोष देण्याआधी थराची जाडी मोजावी.

म्हणजे तो अॅक्टिव्हेटेड कार्बनसारखेच काम करतो?

नाही. अॅक्टिव्हेटेड कार्बनमध्ये अतिसूक्ष्म छिद्रांचे जाळे असते आणि ते वास, रंग, सेंद्रिय रसायने शोषते. गाळणीतला अँथ्रासाइट फक्त तरंगणारे कण अडवतो. क्लोरीन, कीटकनाशके किंवा क्षार काढत नाही. अँथ्रासाइटवर वाफेची प्रक्रिया करून अॅक्टिव्हेटेड कार्बन बनवता येतो, पण मग तो वेगळाच माल झाला.

त्यातून वीज वाहते का?

कच्च्या स्थितीत फारशी नाही. पण हवा न लागू देता १,२०० अंश सेल्सिअसच्या वर, विजेच्या भट्टीत तर त्याहून बरेच वर भाजला, की उरलेसुरले वायू निघून जातात, कार्बनच्या थरांची मांडणी सुधारते आणि तो चांगला वाहक होतो. अॅल्युमिनियमच्या भट्टीच्या तळाचे कार्बन ठोकळे आणि फेरोअॅलॉयच्या, म्हणजे लोखंडाच्या मिश्रधातूंच्या, भट्टीत वापरायचा इलेक्ट्रोडचा लगदा यांत असा भाजलेला अँथ्रासाइट जातो. चीनमध्ये सोडियम-आयन बॅटरीच्या ऋण टोकासाठीही त्यापासून बनवलेला कार्बन वापरून पाहिला गेला आहे. स्वस्त कच्चा माल हे त्याचे मुख्य आकर्षण.

वीज केंद्रात त्याचा वापर होतो का?

होतो, पण त्यासाठी खास बॉयलर लागतात. भुकटी जास्त बारीक दळावी लागते आणि ज्वाला आधी खाली सोडून मग वर वळवावी लागते, म्हणजे तिला भट्टीत जास्त वेळ मिळतो. युक्रेनमधली अनेक केंद्रे देशाच्या पूर्वेकडच्या दोनबास या खाणपट्ट्यातल्या अँथ्रासाइटसाठीच बांधलेली होती. २०१४ नंतर तिथल्या युद्धात त्या खाणी हातच्या गेल्या, आणि त्या बॉयलरमध्ये नुसता दुसरा कोळसा घालून भागणारे नव्हते. काही अँथ्रासाइट परदेशातून आणावा लागला आणि काही बॉयलर बदलावे लागले.

कुठे सापडतो?

जगातल्या कोळशाच्या साठ्यांत त्याचा वाटा साधारण १ टक्का सांगितला जातो. चीन (शान्शी प्रांत प्रामुख्याने), रशिया, युक्रेनचा दोनबास, व्हिएतनामचा क्वांग निन्ह प्रांत, उत्तर कोरिया, दक्षिण आफ्रिकेचा क्वाझुलू-नाताल, वेल्स आणि पेनसिल्व्हेनिया ही ठळक ठिकाणे. भारतात जम्मू भागातल्या कालाकोट परिसरात थोडे साठे आहेत.

खाणकामाबद्दल इतके वाईट का ऐकू येते?

कारण बरेचसे खरे आहे. पेनसिल्व्हेनियात १९१७ मध्ये उत्पादन सुमारे १० कोटी शॉर्ट टनांच्या (सुमारे ९०७ किलोंचा अमेरिकी टन) शिखरावर पोचले, आणि तिथवरचा रस्ता माणसांवरून गेला. तिरके, घड्या पडलेले थर यंत्राने खणणे अवघड, म्हणून काम हाताचे. कोळशातून दगड वेचायला लहान मुले बसवली जात. १८६९ मध्ये अॅव्हनडेलच्या खाणीत एकुलत्या एका वाटेवर आग लागली आणि ११० जण गेले. १९०२ च्या संपात लाखाहून जास्त खाणकामगार पाच महिने बाहेर राहिले. हिवाळा तोंडावर आला तेव्हा अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना मध्यस्थी करावी लागली. जानेवारी १९५९ मध्ये नदीच्या तळाखाली बेकायदा खणल्याने सस्क्वेहाना नदी नॉक्स खाणीत घुसली, १२ कामगार बुडाले आणि त्या भागातला भूमिगत धंदा जवळपास संपला. सेंट्रालिया गावाखालची खाण मे १९६२ पासून जळते आहे. १९८४ मध्ये अमेरिकी संसदेने पैसे मंजूर करून तिथल्या रहिवाशांचे स्थलांतर करवले. आज मूठभर लोक उरले आहेत.

याखेरीज उच्च प्रतीच्या कोळशाच्या धुळीने खाणकामगारांना फुप्फुसे काळवंडण्याचा विकार इतर कोळशांपेक्षा जास्त होतो, असे दिसून आले आहे. आणि बंद खाणींतून झिरपणारे आम्लयुक्त पाणी लोहाच्या साक्याने ओढे नारिंगी करून टाकते. खाणी बंद होऊन दशके लोटली तरी हे चालूच राहते.

खरेदीच्या वेळी अहवालात काय पाहावे?

पहिल्यांदा आकडे कोणत्या आधारावर दिले आहेत ते. ‘कोरड्या, राखविरहित’ आधारावर ९३ टक्के कार्बन दाखवलेल्या कोळशात प्रत्यक्षात १८ टक्के राख आणि ६ टक्के ओलावा असू शकतो. तुम्ही पैसे त्या राखेचे आणि पाण्याचेही मोजणार आहात, म्हणून ‘मिळाल्या स्थितीतले’ आकडे मागा. जाळायचा असेल तर राख, तिचे वितळण्याचे तापमान, चुऱ्याचे प्रमाण. धातूकामासाठी गंधक आणि फॉस्फरस. गाळणीसाठी कणांचा आकार आणि काठिण्य. उष्मांकावरून सौदा ठरवणे इंधनापुरतेच ठीक.

साठवण अवघड आहे का?

सोपी. लिग्नाइटसारखा तो ढिगात आपोआप तापून पेट घेण्याचा धोका फार कमी. पावसात भिजला तरी खराब होत नाही, फक्त जाळण्याआधी निथळू द्यावा. ओल्या कोळशाने चुरा मात्र दडून राहतो.

राख बागेत टाकावी का?

भाजीपाल्यात नको. लाकडाच्या राखेत पोटॅश असते, कोळशाच्या राखेत ते नगण्य. उलट आर्सेनिकसारखी मूलद्रव्ये थोड्या प्रमाणात असू शकतात. राख पूर्ण थंड होईपर्यंत झाकणाच्या लोखंडी डब्यात, भिंतीपासून दूर ठेवावी. वरून विझलेल्या दिसणाऱ्या राखेत निखारे दुसऱ्या दिवशीही जिवंत सापडतात.